डोंगरात पळू पाहणाऱ्यांसाठी खात्रीच्या सूचना

बूट महाग घ्यावेत, भडक रंगाचे घ्यावेत आणि सिंहगड–राजगड–तोरणा शर्यतीच्या आदल्या रात्रीच खोक्यातून काढावेत. टाचेची आणि नव्या बुटाची ओळख घसाऱ्यावर झालेली बरी.

सराव सपाट डांबरी रस्त्यावर करावा. तिथे 10 किलोमीटरला एक तास लागतो, म्हणजे शर्यतीच्या 50ला पाच, असं त्रैराशिक मांडून घरी जेवणाची वेळ कळवून टाकावी. आतकरवाडीतून सिंहगडाला जेमतेम तीन किलोमीटरांत साधारण 600 मीटर चढावं लागतं आणि तोरण्याचा माथा 1,403 मीटरवर आहे, या गोष्टी त्रैराशिकात बसत नाहीत. सोडून द्याव्यात.

शर्यत सुटली की सुसाट निघावं. पहिल्या चढाला चुकूनही चालू नये. तिथे काही मुरलेली मंडळी कंबरेत वाकून, गुडघ्यांवर हात रेटत, गप्पा मारत चालताना दिसतील. गप्पा मारता येतात म्हणजे जोर कमी पडतोय, हे उघड आहे. आपल्या तोंडून ‘काका, साइड!’ एवढं निघालं तरी पुष्कळ. तीव्र चढावर पळणाऱ्याचा आणि झपझप चालणाऱ्याचा वेग जवळपास सारखाच पडतो आणि चालणाऱ्याचा दम वाचतो, असं ती मंडळी सांगतील. खरंही आहे ते. पण चालतानाचे फोटो चांगले येत नाहीत.

भूक लागेपर्यंत काही खाऊ नये. जोरात पळालं की दोनेक तासांत स्नायूंमधलं ग्लायकोजेन आटत येतं. तोवर दर अर्ध्या तासाला खजूर, चिक्की, केळं तोंडात टाकणारे सहलीला आलेत असं समजावं. पाण्याबद्दल मात्र थट्टा नको. तहान नसताना तांब्यावर तांब्या नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि प्रकरण थेट दवाखान्यात जातं.

मळलेली दिसेल ती वाट धरावी. खुणेच्या फिती बघायला मान वर करावी लागते, आणि आपली नजर तर घड्याळावर हवी. ढोरवाट असली तरी ती कुठेतरी जातेच, बहुधा पाणवठ्यावर.

उताराचा सराव करण्याची गरज नाही. रविवारी सिंहगड चढावा, वर कांदाभजी आणि मडक्यातलं दही हाणावं, अन् खाली जीपने यावं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात जात ब्रेक लावतात, ही सवय त्यांना हळूहळू, महिनोन्‌महिने लावावी लागते, असं म्हणतात. आपल्या मांड्या हुशार आहेत, शर्यतीतच शिकतील. त्यांची तक्रार लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. तेव्हा ऑफिसचा जिना कठड्याला धरून उलटा उतरावा, आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत नोकरी असेल तर त्या आठवड्यात साहेबांशी भांडू नये.