उपविधीकाका

वसई-विरारमधल्या प्रत्येक सोसायटीत एक उपविधीकाका असतात. चर्चगेटच्या कचेरीतून निवृत्त झालेले, काखेत फाईल आणि फाईलमध्ये आदर्श उपविधींची प्रत. आमच्या काकांची लाल पेन्सिल एकाच कलमावर झिजली: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सहा वर्षं समितीची निवडणूक लढवता येत नाही.

निवडणूक लागली की काका उमेदवाराला जिन्यातच गाठतात. "राग मानू नका, पण कधी शिक्षाबिक्षा?"

पंचाईत अशी की अधःपतन म्हणजे नेमकं काय, हे दंड संहितेत सांगितलेलंच नाही. ना जुन्या, ना नव्या. कोर्टं बघतात ते असं: कृत्यानं समाजमन हादरतं का, हेतू नीच होता का, लोक त्या माणसाला हलक्या नजरेनं पाहतात का. फसवणूक, लाच, बलात्कार यांबद्दल वाद नसतो. मारामारीचं मात्र प्रकरण पाहून ठरतं. मारहाणीत दरवेळी अधःपतन असतंच असं नाही, असं सुप्रीम कोर्ट 2019 मध्ये म्हणालं. हरयाणातल्या एकाची नोकरी सार्वजनिक अश्लीलतेच्या कलमाखाली झालेल्या वीस रुपये दंडापायी गेली होती. 1996 मध्ये त्यालाही कोर्टानं दिलासा दिला.

"सुप्रीम कोर्टाला विरार लोकल माहीत नाही," काका म्हणतात.

त्यांच्या लेखी सर्वांत अधःपतित इसम म्हणजे सकाळी नालासोपाऱ्याहून उलटा विरारला येऊन, खिडकी धरून, त्याच गाडीनं चर्चगेटला जाणारा. समाजमन हादरतं? "आख्खा प्लॅटफॉर्म हादरतो!" हेतू नीच? "खिडकी!" आणि हलक्या नजरेनं पाहायला काका स्वतः आहेतच.

एरवी माणूस कामाचा. न आलेल्या पाण्याच्या टँकरचं बिल त्यांनीच पकडलं. ते लावणाऱ्याला मात्र "हिशेबात चुकला बिचारा" म्हणून सोडून दिलं. स्वतः काका गाडीत वर्षानुवर्षं मांडीवर ब्रीफकेस ठेवून पैसे लावून रमी खेळले. तो जुगार नव्हे का? "जुगाराला अड्डा लागतो. आमचा डबा होता."

यंदा छाननीला त्यांनी बी विंगच्या उमेदवारावर हरकत घेतली. तो पूर्वी नालासोपाऱ्यात राहायचा.

निवडणूक अधिकाऱ्यानं विचारलं, "शिक्षा कुठल्या कोर्टानं दिली?"

"आम्हीच दिली," काका म्हणाले. "अंधेरीपर्यंत बूड टेकू दिलं नाही."