कोपरा धरा, कोपरा!

शाळांच्या प्रत्येक केंद्रात एक पीपीटीवाले सर असतातच. शिक्षण परिषदेच्या दिवशी त्यांना ओळखायला वेळ लागत नाही, पेनड्राइव्ह मंगळसूत्रासारखा गळ्यात असतो. पाठ कोणता घ्यायचा, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण. "फोटो किती आहेत?" हे ते आधी विचारतात.

आमच्या सरांचं जलचक्र तालुक्यात गाजलं. गरगर फिरणारा सूर्य, बूमरँगसारखे गिरकी घेत येणारे ढग. पावसाचा एकच थेंब काढून, कंट्रोल-डी दाबदाबून त्यांनी त्याचे चाळीस केले, ग्रुप बांधला आणि सगळा पाऊस एका क्लिकवर खाली सोडला. एक थेंब ग्रुपात घ्यायचा राहिला. तो पाठ संपेपर्यंत आभाळात लटकून होता. वाफेचे ढग कसे होतात ते पोरं विसरली, थेंब विसरली नाहीत.

पण माणूस जाणकार, हे कबूल करायला हवं. नव्या मॅडम फोटो बाजूने ओढायला लागल्या की फोटोतली माणसं लग्नातली बुंदी चार दिवस खाल्ल्यासारखी फुगतात. सर मागून कळवळून ओरडतात, "मॅडम, कोपरा धरा, कोपरा!" फोटोला कोपरा पुरतो, गोल-चौकोनाला वर शिफ्टही दाबून धरावी लागते, हे केंद्रातल्या निम्म्या शिक्षकांना त्यांनीच शिकवलं.

एकदा परगावच्या संगणकावर श्रीलिपीचा फॉन्ट नव्हता. सरांचं सगळं मराठी पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन सांडलं. तेव्हापासून ते प्रत्येक शीर्षक चित्र करूनच चिकटवतात. चित्रातलं अक्षर मात्र दुरुस्त होत नाही. त्यामुळे पहिल्या स्लाइडवर 'स्वागत'च्या जागी 'स्वगत' पडलं ते तीन वर्षं तसंच आहे. पुढचा पाऊण तास ऐकलेल्यांना त्यात चूक दिसत नाही.

क्रॉपचा किस्सा मात्र जिव्हारी लागला. जुन्या मुख्याध्यापकांशी सरांचं बिनसलेलं, म्हणून सहलीच्या फोटोतून त्यांना कापलं. आता क्रॉप म्हणजे काही कात्री नव्हे, नुसता पडदा. कापलेलं मागे शाबूत असतं. भर परिषदेत कुणीतरी 'रीसेट पिक्चर अँड साइझ' दाबलं आणि मुख्याध्यापक टोपीसकट परतले. तेही नेमके पहिल्या रांगेत बसलेले. आता सर प्रत्येक फाइल चित्रं कॉम्प्रेस करून, कापलेले भाग कायमचे पुसून मगच देतात. देवघरातली समई शांत करावी तितक्या गांभीर्याने.

शेवटची स्लाइड आभाराची. तिला त्यांनी टाळ्यांचा आवाज जोडलेला आहे. सभागृहावर विसंबून राहत नाहीत. लॅपटॉपच्या स्पीकरमधून त्या टाळ्या फोडणीत मोहरी तडतडल्यासारख्या वाजतात, आणि त्या थांबेपर्यंत सर हात जोडून उभे असतात.