पर्यावरणप्रेमी इच्छुक

पुण्याच्या उपनगरांत प्रत्येक प्रभागाला किमान एक भाऊ असतात. कुठे त्यांना दादा म्हणतात, कुठे आबा, कुठे अण्णा, पण माल तोच. वर्तमानपत्रांच्या भाषेत ते ‘इच्छुक’, फ्लेक्सच्या भाषेत ‘भावी नगरसेवक’ आणि वहिनींच्या भाषेत ‘घरी नसतात’.

भाऊ आधी ‘युवा हृदयसम्राट’ होते. पंचेचाळिशीनंतर कार्यकर्त्यांनाच लाज वाटू लागली, म्हणून ते ‘कार्यसम्राट’ झाले. अलीकडे मात्र प्रत्येक गल्लीत एक कार्यसम्राट निघाल्यामुळे भाव उतरला, आणि भाऊ ‘पर्यावरणप्रेमी’ झाले. या पदाला निवडणूक लागत नाही, नियुक्तिपत्र लागत नाही. फ्लेक्सवाल्याला फोन केला की काम भागतं.

भाऊंची पहिली भेट फ्लेक्सवरच होते. वरच्या पट्टीत महापुरुष, त्याखाली नेते, मधोमध हात जोडलेले भाऊ आणि तळाला बारक्या चौकटींत वीस-बावीस शुभेच्छुक. 5 जूनच्या, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनाच्या, फ्लेक्सवर महापुरुषांच्या जागी पृथ्वी येते आणि तिला दोन हिरवी पानं फुटलेली असतात. मजकूर ठरलेला, ‘झाडे लावा, झाडे जगवा’. हा फ्लेक्स चौकातल्या कडुनिंबाला चार खिळ्यांनी ठोकलेला असतो.

फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या विणीवर चढवलेलं पीव्हीसी. ते कुजत नाही, जाळलं तर विषारी धूर होतो आणि भंगारवाला त्याच्याकडे बघतही नाही. त्याला दुसरा जन्म मिळतो तो पावसाळ्यात, भाजीच्या हातगाडीवर. तिथे भाऊ उलटे टांगलेले असतात आणि कोथिंबीर भिजू देत नाहीत. कार्यक्रमपत्रिका न छापता त्यांनी केलेलं हे दुर्मिळ समाजकार्य.

सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा कायदा 1995 चा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये बेकायदा फलकांबाबत सविस्तर आदेशही दिले. भाऊंना हे सगळं पाठ आहे, कारण शेजारच्या प्रभागातल्या दुसऱ्या भाऊंच्या फ्लेक्सची तक्रार करताना त्यांनी याच निकालाचा हवाला दिला होता.

पुण्यात ‘अंघोळीची गोळी’ या संस्थेच्या तरुणांनी झाडांच्या अंगातले खिळे उपसायची मोहीम काढली, तेव्हा तिचं लोण उपनगरांतही आलं. अशा एका सकाळी भाऊही पक्कड घेऊन हजर. पहिल्याच खिळ्याखाली फ्लेक्सचा एक कपटा अडकलेला होता आणि त्यावर अर्धी मिशी होती. कार्यकर्त्याने मिशी ओळखली आणि फोटोचा कोन बदलला.

भाऊंचा व्यवसाय विचारला तर ‘शेती’ असं उत्तर येतं. शेती कुठे, असं विचारलं तर ती टेकडीच्या उतारावर निघते आणि तिचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पडलेले असतात. पुणे महापालिकेत 1997 साली आलेल्या 23 गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलेलं आहे. लोक त्याला नुसतं ‘बीडीपी’ म्हणतात. भाऊंचं बीडीपीबाबतचं धोरण वेळेनुसार ठरतं. सकाळी सहाला टेकडीवर फिरायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर ते “टेकड्या ही शहराची फुप्फुसं आहेत” असं म्हणतात. साडेअकराला त्याच टेकडीच्या पायथ्याशी प्लॉटधारकांच्या बैठकीत “गोरगरिबांनी राहायचं कुठे?” असा सवाल करतात. दोन्हीकडे टाळ्या पडतात आणि दोन्ही टाळ्या मनापासूनच्या असतात.

मुख्य सोहळा 5 जूनचा. खड्डा आदल्या दिवशी तयार होतो. अनुभवी माळी नवीन खड्डा खणत नाही, गेल्या वर्षीचाच उकरतो. माती भुसभुशीत असते आणि खालून मागच्या रोपाची काळी पिशवी निघते, म्हणजे जागा बरोबर असल्याची खात्री पटते. पाहुणे दीड तास उशिरा येतात. तोवर लाऊडस्पीकर पक्ष्यांना हुसकावून लावतो.

“भाऊ, पिशवी काढायची राहिली,” माळी हळूच सांगतो.

“आधी फोटो होऊ दे रे.”

फोटो होतो. दीड फुटी रोपाला अकरा जणांचे हात लागले की रोप दिसेनासं होतं, म्हणून दुसऱ्या फोटोसाठी ते उपसून छातीशी धरतात. मग बाटलीबंद पाणी. अर्धी बाटली रोपाला, उरलेली पाहुण्यांना आणि रिकामी बाटली खड्ड्याच्या कडेला. भाषणात भाऊ “आपल्या मातीतलं झाड” असा उल्लेख करतात. समोर रोप असतं गुलमोहराचं, जो मूळचा मादागास्करचा. पिशवी काढायची राहिलीच, हे माळ्याला मंडप सोडताना आठवतं.

तारखेतच थोडी गडबड आहे. 5 जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी 1972 च्या स्टॉकहोम परिषदेची आठवण म्हणून ठरवला. पुण्याचा पाऊस त्या परिषदेला नव्हता. तो साधारण 10 जूनच्या आसपास येतो आणि मनात आलं तर त्याहून उशिरा. मधल्या दिवसांत पाणी कोणी घालायचं, यावर कार्यक्रमपत्रिकेत काही नसतं.

अर्थात एकट्या भाऊंना नावं ठेवून भागणार नाही. राज्य सरकारनेच 1 जुलै 2016 ला दोन कोटी झाडांपासून सुरुवात केली आणि 2019 साली उद्दिष्ट 33 कोटींवर नेलं. पुढे सरकार बदललं आणि त्या झाडांचा हिशेब तपासायला विधिमंडळाची समिती नेमली गेली. भाऊंचं उद्दिष्ट फक्त 51 रोपांचं असतं. त्यांचा हिशेब शेळ्या ठेवतात.

23 जून 2018 पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या वेळेस 5,000 रुपये दंड, दुसऱ्या वेळेस 10,000, तिसऱ्या वेळेस 25,000 आणि वर तीन महिन्यांचा तुरुंगवास. दुकानदार घाबरले, गृहिणी वैतागल्या, भाऊंना मात्र संधी दिसली. आठवड्याभरात घरोघर कापडी पिशव्या पोचल्या. पुढच्या बाजूला भाऊ, मागच्या बाजूला भाऊ आणि पट्ट्यावर मोबाइल नंबर. वाटेत फोटो मळू नये म्हणून प्रत्येक पिशवी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली. ही पिशवी आजही घरोघरी वापरात आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे ती टांगलेली असते आणि तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठवलेल्या असतात.

निवडून आलेल्यांची चैन निराळी. पालिकेच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची एक ‘स यादी’ असते. पुण्याच्या पत्रकारांनी ‘माननीय’ हे नाव दिलेल्या या मंडळींनी त्या निधीतून बाकडी आणली, कापडी पिशव्या आणल्या, ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी बादल्या वाटल्या. बादल्या दणकट निघाल्या. इतक्या दणकट, की त्यांत कचरा टाकणं लोकांच्या जिवावर आलं. हिरवी बादली बाथरूममध्ये गेली, दुसरीत गहू राहिला आणि कचरा पूर्वीसारखाच एकत्र, दाराबाहेर. घनकचरा नियमांनुसार तो घरातच वेगळा करायला हवा. प्रत्यक्षात वेगळा करतात त्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका, 2008 पासून, रोज सकाळी दारोदार फिरून. त्यांचा फ्लेक्स अजून कोणी लावलेला नाही.

गणपतीत भाऊंचं पर्यावरणप्रेम शिगेला पोचतं. पुण्यात एक चांगली सोय झालेली आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेल्या पद्धतीने घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरघळवता येते. तळाला कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे झाडांना खत. पालिका ही पावडर वाटत आली आहे. भाऊ ती पावडर पालिकेच्या केंद्रावरून उचलतात, पुडीवर आपलं स्टिकर लावतात आणि प्रभागात वाटतात. वापरायची कृती मात्र स्टिकरखाली झाकली जाते. मग एखादे आजोबा ती चवीपुरती टाकतात, बाप्पा आठवडाभर बाल्कनीत कमरेपर्यंत पाण्यात उभे राहतात आणि अमोनियाच्या वासाने वरच्या मजल्यावरून तक्रार येते.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी भाऊ निर्माल्य कलशाजवळ उभे राहून “नदी आपली आई आहे” असं सांगतात. संध्याकाळी त्यांच्याच मंडळाचा डीजे निघतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. विसर्जन मिरवणुकीच्या लक्ष्मी रस्त्यावर दरवर्षी मोजमाप करणाऱ्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे आकडे अलीकडे शंभराच्या आगेमागे असतात. भाऊंना विचारलं तर ध्वनी हा त्यांच्या पर्यावरणात येत नाही. तो संस्कृती खात्यात येतो.

या नदीआईला भेटायला ते वर्षातून आणखी एकदा जातात, मार्चमध्ये, जलपर्णी काढायला. गमबूट, हातमोजे, टोपी असा सरंजाम असतो आणि किनाऱ्याला लागलेलीच पर्णी निवडली जाते. फेब्रुवारी 2024 मध्ये मुळा-मुठेच्या काठी केशवनगर भागात डासांचे उंच भोवरे उठले आणि त्यांची चित्रफीत देशभर फिरली. सांडपाणी शुद्ध न होता नदीत जातं, त्यावर जलपर्णी पोसते, तिच्याखाली डास पोसतात, ही साखळी भाऊंनाही माहीत आहे. पण मैलाशुद्धीकरण केंद्राशेजारी उभं राहून फोटो काढला तर पाहणाऱ्याला नाक दाबावंसं वाटतं. शिवाय जमिनीखालच्या वाहिनीवर नाव कुठे लिहिणार? म्हणून 2016 मध्ये जपानच्या जायका या सहकार्य संस्थेशी कर्जकरार होऊन मंजूर झालेली 11 केंद्रांची योजना रखडत गेली, तरी भाऊंच्या तोंडून तिच्याबद्दल कधी अवाक्षर निघालं नाही.

या सगळ्याचा खर्च कोणी विचारत नाही. महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली होती. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि आरक्षण व प्रभागरचनेच्या घोळात पुढचं मतदान थेट जानेवारी 2026 मध्ये झालं. जवळपास चार वर्षं पालिकेत प्रशासक होता आणि रस्त्यावर इच्छुक होते. प्रभाग तीन नगरसेवकांचा होणार म्हणून भाऊंनी एका बाजूच्या वस्तीत पिशव्या वाटल्या. प्रभाग चारचाच राहणार असं ठरल्यावर दुसरीकडे वाटल्या. दरम्यान जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली. कोणत्या नेत्याचा फोटो कोणत्या नेत्याशेजारी लावायचा, हे रात्रीत बदलू लागलं. तेव्हा भाऊंना पर्यावरणाचा खरा उपयोग कळला. पृथ्वी कुठल्याच गटात गेली नव्हती. फ्लेक्सवर तिचा एकटीचा फोटो बिनधास्त लावता येत होता.

आता भाऊंची दुसरी बाजू, म्हणजे आपली. आदर्श म्हणवणाऱ्या कुठल्याही सोसायटीच्या चेअरमनचा भाऊंना येणारा फोन असा असतो.

“भाऊ, पार्किंगमधल्या पिंपळाची पानं फार पडतात हो. गाड्यांवर पक्ष्यांची घाण. तेवढं बघा की.”

“काका, झाड धोकादायक आहे असा अर्ज द्या.”

“धोकादायक नाहीये तसं.”

“अर्ज दिला की होतं.”

महाराष्ट्राच्या शहरी भागांतील वृक्षांचं संरक्षण करणारा कायदा 1975 पासून आहे आणि झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. काकांना ते माहीत आहे. म्हणून तर ते प्राधिकरणाला सोडून भाऊंना फोन करतात. त्याच आठवड्यात सोसायटीला पेव्हिंग ब्लॉक हवे असतात. ते थेट बुंध्याला भिडवून बसवले जातात, कारण मातीने चिखल होतो. मार्चमध्ये बोअर आटली की टँकर हवा असतो. टँकर भाऊंच्या मेव्हण्याचा. आणि वार्षिक सभेत ठराव होतो की प्रभागात ऑक्सिजन पार्क झालं पाहिजे. भाऊ सगळ्याला हो म्हणतात. ‘नाही’ म्हणणारा इच्छुक पुण्यात अजून निवडून आलेला नाही.

एवढं सगळं असूनही भाऊ नकोसे होत नाहीत, याचं कारण वळवाच्या पहिल्या वादळात कळतं. रात्री एकला गल्लीत झाड पडतं, खाली रिक्षा, वायर तुटलेली, अग्निशमन दलाची गाडी दुसऱ्या तीन झाडांवर अडकलेली. फोन उचलतात ते भाऊच. ते लुंगीवर येतात, सुताराला उठवून करवत आणवतात, महावितरणच्या माणसाला गोड बोलून फ्यूज काढायला लावतात आणि स्वतः फांद्या ओढतात. रिक्षावाल्याला सकाळचा धंदा मिळतो. त्या रात्रीचा एकही फोटो नसतो, कारण कार्यकर्ते झोपलेले असतात.

निवडून आले तर भाऊ ‘माननीय’ होतात, पडले तर ‘भावी’ राहतात. 5 जून दोन्ही परिस्थितीत येतोच. बोलावणं आलं तर जरूर जा, चहा बरा असतो. भाषण संपलं की माईक मागून घ्या आणि गेल्या वर्षीच्या 51 रोपांतली किती उभी आहेत, एवढंच विचारा. आणि जायच्या आधी पार्किंगमधल्या पिंपळाचा अर्ज मागे घ्या.