पत्रास कारण की, गाडी अंगणात उभी आहे

डेट्रॉइटजवळून,
फेब्रुवारी २०२६

ती. मामा व ती. आत्या यांना,
सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. एरवी हे वाक्य सवयीनं लिहिते, या वेळी मुद्दाम लिहिलंय. पन्हाळ्यावर आमच्याबद्दल दोन बातम्या फिरताहेत असं वन्संनी कळवलं. बुधवार पेठेतल्या बातमीप्रमाणे आमचे हप्ते थकले आणि बँकेची माणसं गाडी ओढून घेऊन गेली. बसस्टँडवरच्या बातमीप्रमाणे गाडी घरासकट पेटली. दोन्ही खोट्या. गाडी आहे, घर आहे, हप्तेही आहेत. फक्त गाडी आणि घर सध्या एकमेकांपासून लांब राहतात. आपल्या भावकीत अशी उदाहरणं आहेत, त्यामुळे तुम्हाला ते जड जाऊ नये.

खरं तर हे पत्र तुमच्या चिरंजीवांनी लिहायला हवं. पण ते बॅटरीवर बोलायला लागले की फोनच्या त्या टोकाला आत्यांना दूध उतू जात असल्याची आठवण होते, हे आता त्यांच्याही लक्षात आलंय. म्हणून लेखणी माझ्याकडे.

आमची गाडी प्लग-इन हायब्रिड. तिला पेट्रोलचं इंजिन आहे आणि भिंतीतल्या प्लगला लावून भरायची मोठी बॅटरीही आहे. एकदा भरली की पन्हाळ्याहून कोल्हापूरला जाऊन, महाद्वार रोडवर बाजार करून वाघबीळपर्यंत परत येईल एवढी ती विजेवर पळते. पुढचा चढ पेट्रोलवर. इथं चढ नाहीच, सगळा मुलूख परातीसारखा सपाट, त्यामुळे ऑफिस, शाळा, भाजी सगळं विजेवर भागायचं. पेट्रोल पंपावर शेवटचं कधी गेलो ते आठवत नाही, हे वाक्य तुमचे चिरंजीव दर समारंभात एकदा तरी म्हणायचे. लोकांना त्यांच्या गाडीचा कंटाळा आला होता. गाडीला काय वाटत होतं कोण जाणे.

आणि एक दिवस टपालानं पत्र आलं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत सुरक्षिततेची सूचना. गाडीत दोष सापडला तर कंपनीनं सरकारला कळवायचं, प्रत्येक मालकाला पत्र धाडायचं आणि दुरुस्ती फुकट करून द्यायची, हा इथल्या कायद्याचा रिवाज. मूळ कायदा १९६६ चा आहे. पत्रात गाडीचा सतरा अक्षरी नंबरही असतो, म्हणजे हे दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल असेल असं म्हणून सुटता येत नाही. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. मामा ते संध्याकाळच्या कट्ट्यावर सांगतील आणि रविवारी ते पर्यटकांनाही कळेल.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा. तुमच्या गाडीची बॅटरी क्वचित आतून तापून पेट घेऊ शकते. गाडी बंद असली तरी पेटू शकते. कृपया चार्ज करू नका. घरापासून आणि इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर लावा. उपाय तयार झाला की दुसरं पत्र पाठवू. तोपर्यंत आपल्या सहकार्याबद्दल आभार.

म्हणजे पहिल्या पत्रात धोका आणि दुसऱ्यात उपाय, आणि दोन पत्रांच्या मधल्या काळात बर्फ. उणे पंधरा अंशांत सगळं गाव आपापल्या गाड्या गॅरेजात कुलूपबंद करतं, तेव्हा आमची गाडी मोकळ्या हवेत. रस्त्याकडेला लावावी तर बर्फ काढणाऱ्या यंत्रांसाठी रात्री रस्ता मोकळा ठेवायचा नियम. घरासमोरच्या जागेत लावावी तर घर जवळ. तुमच्या चिरंजीवांनी शेवटी टेप घेऊन घराच्या भिंतीपासून, शेजाऱ्यांच्या कुंपणापासून आणि टपालपेटीपासून अंतरं मोजली आणि तिन्हींना सारखाच धोका राहील अशी जागा काढली. रोज सकाळी ते फावडं घेऊन गाडी शोधायला जातात.

चार्ज बंद झाल्यावर प्लग-इन हायब्रिडचं जे उरतं ती एक साधी पेट्रोल गाडी. वर शे-दीडशे किलोची बॅटरी वागवणारी. आता आम्ही पंपावर जातो. तुमचे चिरंजीव अंधार पडल्यावर जातात. परवा तिथं मराठी मंडळातले एक ओळखीचे भेटले, तर हे म्हणाले, हवा भरायला आलो होतो.

डेट्रॉइटच्या आसपास राहण्याची एक गंमत सांगते. इथला दर दुसरा मराठी माणूस मोटारधंद्यात आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिळगूळ वाटत होत्या आणि पलीकडे पुरुषमंडळी आमची बॅटरी उघडून बसली होती. सीट बनवणाऱ्या कंपनीतले रसायनशास्त्र सांगत होते, काचा बनवणारे सॉफ्टवेअरवर बोलत होते, टायरवाल्यांनी कंपनीवर खटला भरायचा मसुदा तोंडी तयार केला. खरोखर बॅटरीत काम करणारे एकच होते. ते सगळा वेळ गप्प होते. निघताना चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "बाहेरच लावा."

मग मी घरी येऊन स्वतः वाचलं, आणि जे समजलं ते तुमच्यासाठी लिहिते. या बॅटरीत शंभराच्या आसपास सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन विरुद्ध थर आणि त्यांच्यामध्ये केसाहून पातळ असा पडदा. कारखान्यात त्या पडद्याला इजा झाली, किंवा धातूचा कण आत अडकला, तर कधीतरी दोन्ही थर एकमेकांना भिडतात. सेल आतल्या आत तापतो, शेजारच्याला तापवतो, आणि एकदा ही साखळी सुरू झाली की पाणी मारूनही लवकर विझत नाही. विझलीसं वाटून पुन्हा पेटते. गाडी बंद करून किल्ली फडताळात ठेवली म्हणून हे थांबत नाही. रसायनांना किल्ली लागत नाही. चार्ज नको म्हणतात तेही याचसाठी: बॅटरी जितकी उतरलेली, तितका धोका कमी.

आता यात सॉफ्टवेअर काय करणार? मामा, तुम्ही तीन दरवाज्यापाशी पाहुण्यांना सिद्दी जौहरचा वेढा सांगता, तो इथं कामाला आला. १६६० च्या मार्चपासून चार महिने गडाभोवती करडा पहारा. मग शरण येतो असा निरोप गेला, पहारा सैलावला, आणि जुलैतल्या त्या पावसाच्या रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले. बॅटरीवरचं सॉफ्टवेअर हा असाच पहारा. कुठल्या सेलचा विजेचा दाब उतरतोय, कोण उगाच तापतंय, हे ते बघत असतं. नवं सॉफ्टवेअर म्हणजे कडक केलेला पहारा: संशय आला की चार्जिंग थांबव, मालकाला सांग, बॅटरी बदलायला पाठव. फरक एवढाच की या वेढ्यात आपण जौहरच्या बाजूला आहोत आणि निसटू बघतेय ती आग. तुमच्या चिरंजीवांनी हा दाखला पोरांना मोठ्या हौसेनं दिला. धाकट्यानं विचारलं, "म्हणजे आपण हरणार?" त्यानंतर जेवणं होईपर्यंत कुणी इतिहास काढला नाही.

पण पोराचा प्रश्न वेडा नव्हता. पहारा कडक केला म्हणून आतला बिघडलेला सेल बरा होत नाही. दक्षिण कोरियात ह्युंदाईनं २०२० च्या ऑक्टोबरात कोना या विजेच्या गाडीला असंच नवं सॉफ्टवेअर दिलं. २०२१ च्या जानेवारीत ते घेतलेली एक गाडी पेटली. पुढच्याच महिन्यात कंपनीनं कोनासह जगभरातल्या सुमारे ८२,००० गाड्यांच्या बॅटऱ्या बदलायचं जाहीर केलं. इथल्या जनरल मोटर्सनं शेवरोले बोल्टला आधी सॉफ्टवेअरनं नव्वद टक्क्यांवर थांबवलं, आणि २०२१ मध्ये मालकांना गाडी दुसऱ्या गाडीपासून ५० फूट लांब लावायला सांगितलं. शेवटी तिथंही बॅटऱ्याच बदलाव्या लागल्या. त्यामुळे मी एक धोरण ठरवलंय. कंपनीवर विश्वास ठेवायचा, पण ५० फुटांवरून.

यथावकाश दुसरं पत्र आलं आणि आम्ही गाडी घेऊन डीलरकडे गेलो. मला वाटलं होतं बॅटरी खाली उतरवतील, हातमोजे घालून माणसं धावपळ करतील. तसलं काही नाही. एका पोरानं गाडीला वायर लावली आणि संगणकापुढे सँडविच खात बसला. आम्ही बाहेर फुकटची कॉफी पीत टीव्हीवर घरं सजवण्याचा कार्यक्रम बघितला. मग तो आला, कागद दिला आणि म्हणाला, तुमची बॅटरी तपासणीत चांगली निघाली, आता खुशाल चार्ज करा, आत लावा. तुमच्या चिरंजीवांनी विचारलं, चांगली आहे हे कुणी ठरवलं? तो म्हणाला, सॉफ्टवेअरनं. हे म्हणाले, त्या सॉफ्टवेअरची तपासणी? त्यानं सँडविचकडे बघितलं.

तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. ह्यांचं म्हणणं, कागद आला, गाडी आत घ्या. माझं म्हणणं, पहाऱ्याला थोडे दिवस काम करू दे, मग बघू. तडजोड अशी झाली की गाडी दिवसा, घरात जागं माणूस असताना, बाहेर उभी करूनच चार्ज करायची. खरं सांगू का, मला गॅरेज रिकामं करायचं नाहीये. तिथं गणपतीचं मखर आहे, लेझमांची पेटी आहे, आणि शेगडी मांडून मी तिथं तांबडा-पांढरा रस्सा करते. मटणाच्या वासाचे पडदे धुवावे लागत नाहीत. आता बर्फ वितळल्यावर काय सबब सांगायची याचा विचार चाललाय.

मामांना घाटाची काळजी असते म्हणून आणखी एक. गेल्या वर्षी जूनमध्ये इथं व्होल्वोच्या प्लग-इन हायब्रिड आणि विजेच्या काही गाड्यांमध्ये ब्रेकच्या सॉफ्टवेअरचा दोष निघाला. या गाड्या उतारावर स्वतःच वेग धरून ठेवतात आणि त्यातून बॅटरी भरतात. तशा रीतीनं सलग एक मिनिट चाळीस सेकंद उतरत गेलं तर ब्रेकच निकामी होऊ शकत होता. आमच्या सपाट मुलखात एवढा उतार शोधायला दुसऱ्या राज्यात जावं लागतं. पन्हाळ्यावरून मात्र वाघबीळ येण्याआधीच परीक्षा झाली असती. तोही दोष सॉफ्टवेअरनंच दुरुस्त केला. तेव्हा मामा, सॉफ्टवेअरला नुसतं खेळणं समजू नका आणि देवही समजू नका.

हे सगळं एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण, मामा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायच्या विचारात आहेत असं कळलं. जरूर घ्या. पण २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात ओलाची रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली, तो व्हिडिओ तुम्हीच आम्हाला पाठवला होता, खाली "जपून राहा" असं लिहून. पुढच्या महिन्यात कंपनीनं त्या तुकडीच्या १,४४१ स्कूटर परत बोलावल्या. त्याच महिन्यात ओकिनावानं ३,२१५ बोलावल्या. त्यानंतर आपल्याकडे बॅटऱ्यांच्या चाचण्या कडक झाल्या. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं, गरज पडल्यास कंपनीला गाड्या परत बोलवायला लावायचा अधिकार सरकारला मिळाला आहे. म्हणून स्कूटर घेताना दुकानदाराला चासी नंबर दाखवून विचारा, या तुकडीत काही निघालं होतं का? तो हसेल. हसू दे.

घेतल्यावर जिन्याखाली चार्ज करू नका. तिथं आत्यांच्या गोवऱ्या आहेत. घाट चढून आल्या आल्या लावू नका, बॅटरी निवू दे. चार्जर सोबत आलेलाच वापरा, शेजाऱ्यांचा चालतो म्हणून लावू नका. रात्री लावून झोपू नका. आणि कंपनीनं कधी बोलावलं तर लाज वाटून घेऊ नका. आपली वस्तू परत बोलावली म्हणजे आपण फसलो असं गावात समजतात. चूक कबूल करून बोलावणाऱ्याकडे जावं. ज्यांना कुणी बोलावतच नाही, त्यांच्या स्कूटरची मला जास्त काळजी वाटते.

पोरं अभ्यास करतात. थोरली शाळेत पन्हाळ्यावर प्रकल्प करतेय. गेल्या जुलैत गड युनेस्कोच्या यादीत आल्यापासून तिला तिथं घर असल्याचा भाव चढलाय. आत्यांनी पाठवलेली कांदा-लसूण चटणी संपत आली आहे. कुणी इकडे येणारं असेल तर कळवा. भुवईपर्यंत घाम आणील अशीच पाठवा, इथली थंडी तुम्हाला माहीत नाही.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे.

तुमची,
सूनबाई

ता. क. मामा, स्कूटरच्या कागदांवर भाच्याचा किंवा दुकानातल्या पोराचा मोबाइल नंबर देऊ नका. परत बोलावण्याचा निरोप त्याच नंबरावर येतो, आणि निरोप पोचला नाही तर नुसता कायदा असून उपयोग नाही. नंबर तुमचाच द्या. आणि तो फोन, बॅटरी वाचते म्हणून दिवसभर बंद ठेवता, तो कृपा करून चालू ठेवा.