चालू स्थितीतला एक पिवळा बल्ब

प्रति,
मा. दिवाबदल साहेब
(खाते बदलले असल्यास अर्ज पुढे पाठवावा)

विषय : चालू स्थितीतला एक पिवळा बल्ब बाळगण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

आहुप्याचा ग्राहक वीजबचतीच्या विरोधात नाही. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात झाड तारेवर पडले, की तो शंभर टक्के बचत करतो. या कामगिरीची नोंद कुठल्याच योजनेत झाली नाही, एवढीच त्याची खंत.

हिशेबही त्याला कळतो. साठचा बल्ब काढून नऊ वॅटचा एलईडी लावला आणि रोज पाच तास जाळला, तर महिन्याला साधारण साडेसात युनिट वाचतात. बिलातला स्थिर आकार मात्र घरात दिवा कोणता, याची चौकशी करत नाही.

त्याची अडचण वेगळीच. 2009 मध्ये बचत लॅम्प योजना आली : पिवळा बल्ब द्या, 15 रुपयांत सीएफएल घ्या. पाऱ्याचा तो दिवा फुटला तर टाकायचा कुठे, हे कोण सांगणार? जानेवारी 2015 मध्ये एलईडीची योजना आली, तीच पुढे उजाला झाली. इथे दाद द्यावीच लागेल. घाऊक खरेदीत 310 रुपयांचा बल्ब दोनेक वर्षांत 38 रुपयांवर आला आणि लोकांनी आपणहून दिवे बदलले.

मग मार्च 2021 मध्ये ग्राम उजाला. 10 रुपयांत एलईडी, तीन वर्षांची हमी, घरटी पाच. फक्त चालू स्थितीतला पिवळा बल्ब जमा करायचा. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून नागपूरकडची खेडी होती, आहुप्याचा आंबेगाव तालुका नव्हता, ते सोडा. पण आधीच्या दोन्ही हाकांना ज्याने ओ दिली, त्याने पिवळा बल्ब आणायचा कुठून? दोन्ही वेळा कानाडोळा करणारा मात्र सवलतीला पात्र!

हमीचेही तसेच. लाइट जाऊन झटक्यात आली, की एलईडीच्या आतले सर्किट आधी जाते. तो बल्ब बदलायला डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालून घोडेगाव गाठावे, तर भाड्यात नवा बल्ब येतो.

पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो, हे खरेच. आषाढात कोंबडीच्या पिलांना तीच ऊब लागते. युरोपात या बल्बांवर बंदी येऊ लागल्यावर, 2010 मध्ये, एका जर्मन अभियंत्याने हेच बल्ब ‘हीटबॉल’ नावाने छोटे हीटर म्हणून विकायला काढले होते. अधिकाऱ्यांनी माल अडवला.

तरी विनंती, की पुढच्या योजनेत ज्याच्या घरी पिवळा बल्ब उरलेला नाही त्याचा नंबर आधी लावावा आणि हमीतला बल्ब ग्रामपंचायतीतच बदलून मिळावा. तोवर एक चालू बल्ब भाताच्या कणगीत जपून ठेवायला हरकत नसावी.

आपला,
आहुप्याचा आज्ञाधारक ग्राहक