मिसळीत नवं काय?

पुतण्याला लंडनमध्ये मिसळीचं दुकान काढायचं आहे. तिकडच्या लोकांना रस्सा झेपेल का, यावर घरात दोन रविवार वाद रंगला. व्हिसा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

ब्रिटनने एप्रिल २०२३ मध्ये ‘इनोव्हेटर फाउंडर’ व्हिसा आणला. आधीच्या व्हिसाला ५०,००० पौंडांचं भांडवल दाखवावं लागे, ती अट गेली. पुतण्या हरखला. पण आता धंदा नावीन्यपूर्ण आहे, टिकेल आणि वाढेल, असं सरकारमान्य संस्थेकडून लिहून आणावं लागतं. त्या तपासणीचे १,००० पौंड. पुढे धंदा कसा चाललाय हे बघायला त्यांच्या किमान दोन बैठका, प्रत्येकी ५००. शिवाय खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस पडून हवेत. आमच्या घरात पैसा इतके दिवस फक्त पीपीएफमध्ये थांबतो, तोही कायद्याच्या धाकाने.

मिसळ टिकेल, वाढेल, याबद्दल घरात दुमत नव्हतं. घोडं अडलं नावीन्यावर. मग पुतण्याने अर्जात लिहिलं : ‘मोबाइलवरून तिखटाचं डेटा-आधारित व्यवस्थापन’. वहिनी म्हणाल्या, “त्याला आम्ही चमचा म्हणतो.”

अमेरिकेचा ई-२ व्हिसा मला जास्त समंजस वाटतो. भरीव पैसा गुंतवा, दुकान स्वतः चालवा. मिसळीत नवं काय, असं कोणी विचारत नाही. फक्त तुमच्या देशाचा अमेरिकेशी तसा करार हवा. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका यादीत आहेत. भारत नाही. यावर दादाने जे भाषण सुरू केलं ते फाळणीपासून निघून चहा गार झाला तरी १९७१ पर्यंतच पोचलं होतं. उरला अमेरिकेचाच ईबी-५ व्हिसा : किमान ८ लाख डॉलर आणि दहा जणांना नोकऱ्या. “रुपये म्हणत असशील तर बघू,” दादा म्हणाला.

शेवटी एस्टोनिया निघाला. तिथलं सरकार २०१४ पासून परदेशी माणसाला ई-रेसिडेन्सी देतं. घरबसल्या तिथे कंपनी काढता येते, मात्र राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. म्हणजे कंपनी युरोपात, मालक डोंबिवलीत. पुतण्याचा चेहरा पडला.

“हाच अर्ज भर,” वहिनी म्हणाल्या. “पोरगं रात्री जेवायला घरी असेल.”