एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

आबांची गाडी बारा महिने रस्त्यावर उन्हापावसात उभी असते, कारण पार्किंगमध्ये लेथ राहतो. भोसरी एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर लोखंडाचा वीट यायला हवा. आबांनी फंडाचे पैसे हातात पडताच पहिली खरेदी केली ती बटाल्याच्या जुन्या लेथची. हायड्राने तो निगडीतल्या घरी उतरवताना दोन फरश्या फुटल्या. काकू फरश्यांकडे बघत होत्या, आबा म्हणाले, "बघ, बेड कसा लेव्हलला बसलाय!"

काकूंनी या यंत्राकडे आजवर एकच गोष्ट मागितली आहे. लाटणं.

"लाकूड? माझ्या लेथवर?" आबा अजूनही तितकेच दचकतात. "भुसा स्लाइडवर बसतो, तेल पिऊन टाकतो, मग बेड गंजतो." यात खोटं काही नाही, पण घरात लेथ असून लाटणं मंडईतून आणायचं हे काकूंना पटत नाही. तडजोड म्हणून आबांनी अ‍ॅल्युमिनियमचं लाटणं कातून दिलं. दोन्ही टोकांच्या व्यासात १० मायक्रॉनचाही फरक नव्हता. पोळ्या मात्र करड्या झाल्या. ते लाटणं आता आबा नाजूक जॉब ठोकून बसवायला वापरतात आणि त्यावर खूश आहेत.

खरा प्रकल्प वेगळाच: वाफेचं इंजिन. टेबलावर मावेल एवढं. मुलाने इंग्लंडहून त्याच्या कास्टिंगचा खोका आणला. त्यात बिडाचं फ्लायव्हील, सिलिंडर, बेसप्लेट आणि इंचातलं ड्रॉइंग. आबांनी ड्रॉइंग उघडलं आणि ठरवलं की सगळं मिलिमीटरमध्ये करायचं. "देशाने १९५७ मध्ये आणे-पै सोडले आणि आपण अजून इंच धरून बसायचं?" हे म्हणणारे आबा नळाचं माप सुतात सांगतात, तो भाग सोडून द्या.

पण लेथचा लीडस्क्रू इंची. त्याच्यावर मिलिमीटरचे आटे बिनचूक पाडायचे तर १२७ दात्यांचं चाक लागतं, कारण ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. असं चाक तयार मिळतं. आबांना कोणी तसं सुचवलं की ते त्या माणसाकडे नुसतं बघतात. दाते समान अंतरावर कापायला डिव्हायडिंग हेड हवं. ते जुन्या बाजारात भंगाराच्या भावात मिळालं. त्याची मूठ ४० वेळा फिरवली की जॉबचा एक फेरा होतो आणि अधलेमधले अंश भोकांच्या चकतीवर मोजायचे असतात. इथे घोडं अडलं. १२७ ही मूळ संख्या. तिला कशानेही भाग जात नाही आणि चकतीवर तसली भोकं नसतात. मग उपाय डिफरन्शियल इंडेक्सिंगचा, म्हणजे हेडला आणखी चाकांची माळ जोडायची. चाक कापायला चाकं हवीत, म्हणून आधी ती चाकं कापली. इंजिनाचा विषय मागे पडत चाललाय हे तुमच्या लक्षात आलं असेल. आबांच्या आलेलं नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये दरबार भरतो. एक निवृत्त बँक मॅनेजर येतात, ज्यांनी नोकरीत शाईखेरीज हाताला काही लागू दिलं नाही आणि आता नखांतलं ग्रीस ते कौतुकाने दाखवतात. एक आयटीतला मुलगा येतो. त्याच्या बाल्कनीत छोटं सीएनसी आहे. प्रत्येकजण आठवड्याची प्रगती रुमालात बांधून आणतो. वस्तू हातात आली की आधी नखाने कड चाचपायची, मग उजेडाकडे धरायची, मग "अं" म्हणायचं. लांब "अं" म्हणजे पसंती. तुटक "अं" आला की मॅनेजरसाहेबांचा रविवार गेला. ही वस्तू कशासाठी आहे, हे मात्र विचारायचं नाही. शेजारच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं. त्यांच्यापर्यंत चहा पोचलाच नाही.

एका रविवारी मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, "पार्टिंग टूल तुटलं." सगळे गप्प झाले. मग, वारलेल्या माणसाच्या घरी शेवटच्या क्षणांची चौकशी करावी तशा आवाजात प्रश्न सुरू झाले. टूल सेंटरला होतं का? स्पीड किती होता? आधी काही आवाज आला होता?

मे महिन्यात दरबार पहाटे भरतो. मापं २० अंश तापमानाला घ्यायची हा जगाचा नियम, आणि ४० अंशांवर १०० मिलिमीटरची पोलादी दांडी सुमारे २३ मायक्रॉननी वाढलेली असते. मायक्रोमीटरही पोलादाचाच, तोही सोबत वाढतो, असं आयटीवाल्याने एकदा म्हणून पाहिलं. "दोघं एकाच वेळी तापतात, हे तुला कोणी सांगितलं?" आबांनी विचारलं. त्यामुळे पहाटेचा चहा चालू राहिला.

अखेर चाक झालं. १२७ दाते, सगळे जागच्या जागी. ते बसवून आबांनी १ मिलिमीटर पिचचा पहिला बोल्ट कातला, त्यावर नट बोटाने फिरवला आणि तो शेवटपर्यंत न अडखळता गेला. दरबारात इतका लांब "अं" पूर्वी कोणी ऐकला नव्हता. तसला बोल्ट बोहरी आळीत चहाच्या पैशांत मिळतो, याची तिथे कोणी आठवण काढली नाही.

"आता इंजिन?" आयटीवाल्याने विचारलं.

"म्हणजे काय! पण आधी चेंज गिअरचा आख्खा संच नव्याने कापून घेऊ. या चाकाशेजारी जुनी बरी दिसत नाहीत."

तेवढ्यात काकू लोहचुंबक घेऊन आल्या. लेथखालच्या ट्रेमधलं लोखंड चुंबकाने बाजूला काढून पितळेचा चुरा त्या दर महिन्याला भंगारवाल्याला घालतात. या कारखान्यातून रोख पैसा आणणारा माल तेवढाच. त्यांनी ट्रे हलवून पाहिला.

"या खेपेला पितळ दिसत नाही?"

"चाक बिडाचं होतं," आबा म्हणाले.

"बिडाला काय भाव येतो?" काकू म्हणाल्या. "पुढची सगळी पितळेची कापा."